नोत्र दाम पाच वर्षांत पुन्हा उभं कसं राहिलं?

प्रश्न एका स्थापत्य अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा आहे. थोडक्यात असा: पॅरिसचं नोत्र दाम कॅथीड्रल 15 एप्रिल 2019 ला जळालं आणि डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा उघडलं. साडेआठशे वर्षांची इमारत इतक्या लवकर कशी बांधली? स्टील, काँक्रीट हाताशी असताना पुन्हा ओक आणि शिसंच का? तेही ओलं लाकूड, मग ते पिळणार नाही का? आणि आता याला जुनं नोत्र दाम म्हणायचं की नवीन?

मी 28 वर्षं जुन्या इमारतींच्या जतनाचं काम करतो. चुना, सागवान आणि दगड यांतच बहुतेक आयुष्य गेलं. त्या रात्री टीव्हीवर तो मनोरा कलताना पाहिला तेव्हा पोटात गोळा आला होता, आणि पुढची पाच वर्षं मी या कामाची प्रत्येक बातमी, प्रत्येक नकाशा जमेल तसा गोळा करत राहिलो. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. सगळं कॅथीड्रल जळालं नव्हतं. जळालं ते दगडी छताच्या वरचं लाकडी छप्पर आणि मधला उंच निमुळता मनोरा. नोत्र दामला दोन छतं आहेत. आतून मान वर केली की दिसतं ते सुमारे 33 मीटर उंचीवरचं दगडी कमानींचं छत. त्याच्याही वर, कुणाला न दिसणारा, ओकच्या तुळयांचा सांगाडा होता. तो मुख्यतः तेराव्या शतकातला. एकेका तुळईसाठी एकेक झाड, अशी इतकी झाडं की फ्रेंच लोक त्याला ‘जंगल’च म्हणत. त्या जंगलावर शिशाचे पत्रे. हा सांगाडा संपूर्ण गेला. मनोरा कोसळताना त्याने दगडी छत तीन ठिकाणी फोडलं: दोन दालनं एकमेकांना छेदतात तो चौक, उत्तरेकडच्या आडव्या दालनाचा भाग आणि मुख्य दालनाचा एक गाळा. बाकीचं दगडी छत टिकलं, आणि त्याच्यामुळेच खालच्या वेदी, चित्रं, ऑर्गन आणि तेराव्या शतकातल्या तिन्ही गोल खिडक्या वाचल्या. मध्ययुगातल्या गवंड्यांनी ते छत आग अडवायलाही बांधलं होतं, आणि त्या रात्री त्याने ते काम केलं.

अग्निशामकांच्या एका निर्णयाचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. उत्तरेकडच्या बुरुजात ज्या लाकडी चौकटीवर घंटा टांगलेल्या असतात तिथवर आग पोचली होती. ती चौकट जळून घंटा खाली आल्या असत्या तर बुरुज गेला असता, आणि त्याच्यामागे दुसराही. माणसं जिवावर उदार होऊन आत चढली आणि त्यांनी ती आग विझवली. पुनर्बांधणीची गोष्ट तिथून सुरू होते, कारण बुरुज पडले असते तर पुन्हा बांधण्यासारखं फारसं काही उरलंच नसतं.

आता पाच वर्षांचा हिशेब. त्यातली दोन वर्षं बांधकामाची नव्हतीच. ती इमारत पडू नये म्हणून गेली. माझ्या मते या सगळ्या कामातला सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकण्यासारखा भाग हाच आहे.

अशा इमारतीची ताकद समतोलात असते. दगडी कमानींचं छत भिंतींना सतत बाहेर ढकलतं. बाहेरून टेकू दिल्यासारख्या ज्या उडत्या कमानी दिसतात, त्या भिंतींना आत ढकलतात. वरच्या छपराचं वजन भिंतींना खाली दाबून जागेवर ठेवतं. या तीन जोरांपैकी छपराचं वजन एका रात्रीत नाहीसं झालं आणि छताला भोकं पडली. बाहेरच्या कमानी मात्र ढकलतच होत्या. छताचा आणखी भाग खचला असता तर त्या कमानींनीच भिंती आत लोटल्या असत्या. म्हणून सर्व 28 उडत्या कमानींखाली मोजून घडवलेलं लाकडी सेंटरिंग बसवलं गेलं. आपल्याकडे स्लॅब ओतताना खाली सेंटरिंग लावतात, तसंच. फरक इतकाच की वरची कमान शेकडो वर्षं जुनी आणि प्रत्येकीचा आकार किंचित वेगळा.

दुसरं संकट म्हणजे परांची. आग लागली तेव्हा मनोऱ्याची दुरुस्ती चालू होती आणि त्याभोवती लोखंडी नळ्यांची परांची उभी होती. (त्याच दुरुस्तीसाठी मनोऱ्यावरचे 16 तांब्याचे पुतळे आगीच्या चारच दिवस आधी खाली उतरवले होते, म्हणून ते वाचले.) मनोरा पडला, परांची पडली नाही. सुमारे 40,000 नळ्या उष्णतेने वाकून एकमेकींत अडकल्या आणि फुटक्या छतावर लोंबकळत राहिल्या. ते जाळं कोसळलं असतं तर उरलेलं छतही गेलं असतं. आधी त्याला बाहेरून पोलादी तुळयांचा पट्टा घातला, मग दोराला लटकून काम करणाऱ्या कामगारांनी जून ते नोव्हेंबर 2020 या काळात ते एकेक नळी कापून उतरवलं. त्याआधी शिशाच्या धुळीमुळे 2019 च्या उन्हाळ्यात आणि कोविडमुळे 2020 च्या मार्चमध्ये काम बंद ठेवावं लागलं होतं. शिशाच्या धुळीचे नियम इतके कडक होते की रोज आत जाताना कागदी कपडे आणि बाहेर पडताना अंघोळ सक्तीची होती.

तिसरा भाग मलब्याचा. इथे माझी एक जुनी जखम आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातल्या जळालेल्या वाड्याचं काम माझ्याकडे आलं. मी पोचेपर्यंत दोन दिवस उलटले होते आणि ठेकेदाराने ‘साफसफाई’ उरकून सगळा मलबा डंपरने गावाबाहेर नेऊन टाकला होता. ओट्यावर एकच तुळई आडवी पडली होती. वरून कोळसा, मगरीच्या पाठीसारख्या भेगा. तिच्यावर हातोडी मारली तर आतून टणक, खणखणीत आवाज आला. वाकसाने दोन बोटं कोळसा तासला आणि खाली पिवळसर तपकिरी सागवान लागलं, वासासकट. जाड लाकडाचं असंच असतं: वरचा कोळशाचा थर आतल्या लाकडाला आगीपासून राखतो. डंपरमधून गेलेल्या निम्म्या तुळया वापरता आल्या असत्या. निदान खांबावरचे कोरीव ब्रॅकेट कसे होते हे तरी कळलं असतं. ते आजवर कळलेलं नाही.

नोत्र दाममध्ये मलबा पुरावा म्हणून हाताळला. छत धोकादायक असल्याने सुरुवातीला दूरनियंत्रित यंत्रांनी तुकडे उचलले. कोळसा झालेलं लाकूड, पडलेले दगड, वाकलेलं लोखंड, प्रत्येक तुकडा कुठे पडला होता याची नोंद झाली. त्यातून जे कळलं ते थक्क करणारं आहे. दगडांना एकमेकांशी जखडणारे लोखंडी आकडे बाराव्या शतकात, म्हणजे बांधकाम सुरू झालं तेव्हापासूनच, सर्रास वापरले होते हे आगीमुळे उघडं पडलं. गॉथिक कॅथीड्रलमध्ये इतक्या लवकर लोखंडाचा असा वापर झाल्याचं त्याआधी माहीत नव्हतं. 2022 मध्ये परांचीचा पाया घेण्याआधी फरशीखाली खोदलं, तर शिशाच्या शवपेट्या आणि तेराव्या शतकातल्या दगडी पडद्याचे रंगीत तुकडे सापडले.

मग खरं बांधकाम. तेही झपाट्याने झालं, आणि याचं मोठं कारण आगीच्या पाच वर्षं आधीचं आहे. 2014 मध्ये रेमी फ्रोमाँ आणि सेद्रिक त्राँतेसो या दोन वास्तुतज्ज्ञांनी त्या ‘जंगला’त जाऊन जुन्या सांगाड्याची तुळईगणिक मोजमापं घेतली होती. तेव्हा कुणालाही त्याची घाई नव्हती. अमेरिकेतल्या व्हासार कॉलेजचे कला-इतिहासाचे प्राध्यापक अँड्र्यू टॅलन यांनी त्याच्याही आधी संपूर्ण कॅथीड्रलचं लेझर स्कॅन केलं होतं, अब्जाहून अधिक बिंदूंचं. टॅलन नोव्हेंबर 2018 मध्ये वारले. आपलं काम कशाला उपयोगी पडणार आहे हे त्यांना कळलंच नाही, याची मला फार हळहळ वाटते.

या नोंदी नसत्या तर ‘होतं तसं’ हा पर्यायच शिल्लक नव्हता. सुरुवातीला तो कुणी गृहीतही धरला नव्हता. राष्ट्राध्यक्ष माक्राँ यांनी दुसऱ्याच दिवशी पाच वर्षांची मुदत जाहीर केली, पंतप्रधानांनी नव्या मनोऱ्यासाठी आंतरराष्ट्रीय स्पर्धेची घोषणा केली, आणि जगभरातून काचेच्या छपरापासून छतावरच्या बागेपर्यंत कल्पनांचा पाऊस पडला. 2013 पासून या वास्तूचे मुख्य वास्तुतज्ज्ञ असलेले फिलिप व्हिलनव पहिल्यापासून हुबेहूब पुनर्बांधणीच्या बाजूने ठाम होते. शेवटी जुलै 2020 मध्ये वारसा आयोगाने एकमताने तसाच कौल दिला. सगळ्या यंत्रणेची मोट बांधायला निवृत्त सेनाधिकारी झाँ-लुई जॉर्जलाँ यांना नेमलं होतं. काम पूर्ण झालेलं त्यांना पाहता आलं नाही. ऑगस्ट 2023 मध्ये पायरेनीज पर्वतात त्यांचा मृत्यू झाला आणि फिलिप जोस्त यांनी सूत्रं घेतली.

आता तुमचा मुख्य प्रश्न: ओकच का? काँक्रीट वापरणं हा काही अधर्म नव्हे, आणि फ्रान्समध्येच त्याचे दाखले आहेत. शार्त्रच्या कॅथीड्रलचं छप्पर 1836 मध्ये जळालं, तेव्हा त्यांनी लोखंडी सांगाडा आणि तांब्याचे पत्रे घातले. पहिल्या महायुद्धात रँसचं कॅथीड्रल जळालं, तर आँरी दनो यांनी काँक्रीटचे छोटे ओतीव तुकडे जोडून छप्पर उभारलं. नाँतचं छप्पर 1972 च्या आगीनंतर काँक्रीटचं झालं, आणि 2020 मध्ये तिथे पुन्हा आग लागली तेव्हा ऑर्गन गेला, पण छप्पर टिकलं. म्हणजे ‘लाकूडच हवं’ असा काही निसर्गनियम नाही.

तरीही नोत्र दामसाठी लाकूड बरोबर होतं असं मला वाटतं. त्या भिंती, त्या कमानी लाकडाच्या छपराचं वजन आणि त्याचं थोडं हलणं आठशे वर्षं ओळखत होत्या. आगीत भाजलेल्या, पाण्याने भिजलेल्या दगडावर अनोळखी भार टाकण्यापेक्षा ओळखीचा भार परत देणं शहाणपणाचं. शिवाय मोजमापं होती, जंगलं होती आणि कुऱ्हाडीने तुळई घडवू शकणारे सुतारही होते. सप्टेंबर 2020 मध्ये सुतारांच्या एका संघटनेने कॅथीड्रलसमोरच्या चौकात जुन्या नकाशावरून हातांनी घडवलेली एक पूर्ण कैची, म्हणजे छपराची त्रिकोणी लाकडी चौकट, दोर आणि माणसांच्या बळावर उभी करून दाखवली. हे होऊ शकतं का, अशी शंका घेणाऱ्यांना ते पुरेसं उत्तर होतं.

सगळ्या कामासाठी सुमारे 2,000 ओक लागले. ते सरकारी आणि खासगी जंगलांतून दान आले. मनोऱ्याच्या पायाला लागणारे प्रचंड बुंधे बेर्सेच्या जंगलातून निवडले. पहिली झाडं 2021 च्या मार्चअखेरपर्यंत, म्हणजे वसंतात रस चढायच्या आत, तोडली. मनोरा एकोणिसाव्या शतकातला, व्हियोले-ल-द्यूक यांनी 1859 मध्ये उभारलेला, म्हणून त्याची लाकडं त्या काळासारखी कापीव. मुख्य दालनाचा आणि वेदीकडचा सांगाडा मात्र मध्ययुगीन, म्हणून त्याच्या तुळया कुऱ्हाडीने तासल्या. त्यासाठी जुन्या घाटाच्या कुऱ्हाडी अल्सासमधल्या लोहारांकडून खास घडवून घेतल्या.

हे केवळ हौसेसाठी नव्हतं. करवत सरळ रेषेत जाते, वाटेत येणारे तंतू कापत जाते. कुऱ्हाड तंतूंच्या बाजूने चालते. आपल्याकडचे जुने सुतार ओंडक्यावर गेरूचं सूत मारून वाकसाने तासत, तेव्हाही हेच होई. झाडाला जिथे थोडा बाक आहे तिथे तुळईलाही बाक राहतो आणि तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहतात. त्यामुळे तुलनेने बारीक झाडाची तुळईसुद्धा मोठा भार घेते. मध्ययुगातले सुतार दोनशे वर्षांचा वृक्ष शोधत नसत, दाटीत वाढलेली सरळ, सडपातळ झाडं घेत. हे समजलं की ‘इतकी जुनी झाडं आता आणणार कुठून’ हा आगीनंतर सगळीकडे विचारला गेलेला प्रश्न निम्मा सुटतो.

दगडाकडे वळू. पॅरिसच्या जुन्या खाणी कधीच बंद झाल्या, म्हणून त्याच जातीचा चुनखडक शहराच्या उत्तरेकडच्या वाज भागातून आणला. त्याचा पोत, घनता, पाणी शोषण्याची क्षमता प्रयोगशाळेत तपासली. भाजलेला दगड ओळखायची एक सोपी खूण आहे: साधारण 300 अंशांच्या आसपास चुनखडकातलं लोह लालसर रंग धरतं. दगड कुठवर लाल झालाय ते पाहून तो किती आत भाजलाय याचा अंदाज येतो, आणि त्यावरून ठेवायचा की बदलायचा ते ठरतं. पडलेल्या कमानी सेंटरिंगवर दगड रचत, चुन्याच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरत बांधल्या, शेवटी मधला कळीचा दगड बसवला आणि मग सेंटरिंग हळूहळू सैल केलं. सिमेंट वापरलं नाही ते योग्यच. सिमेंट दगडापेक्षा कडक होऊन बसतं, ओल अडवतं, आणि काही वर्षांनी सांध्याऐवजी दगडच झिजू लागतो. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या तटांवर सिमेंटच्या दर्जा भरून हे नुकसान कसं केलंय ते ज्याला पाहायचंय त्याने कोणत्याही पावसाळ्यानंतर जाऊन पाहावं.

आतल्या भिंतींची सफाईही पाहण्यासारखी होती. सुमारे 42,000 चौरस मीटर दगडावर शिशाची धूळ बसली होती. बऱ्याच ठिकाणी लॅटेक्सचा लेप फवारून, वाळल्यावर सालीसारखा सोलून काढला. धूळ त्याच्याबरोबर आली. आज आतला दगड इतका उजळ दिसतो की अनेकांना तो रंगवलाय असं वाटतं. रंगवलेला नाही. सुमारे 8,000 नळ्यांचा मोठा ऑर्गनही असाच उतरवून, साफ करून, पुन्हा सुरात लावला.

शिशाबद्दल मात्र माझं मन अजून साशंक आहे. शिसं मऊ असतं, कोणत्याही आकारावर बसतं, शतकभर टिकतं आणि त्याचं वजनही मूळ भारात धरलेलं आहे, हे सगळं मान्य. पण ते 327 अंशांना वितळतं, आणि त्या रात्री त्याची धूळ आजूबाजूच्या वस्तीवर पसरली. आरोग्यासाठी लढणाऱ्या संघटनांनी विरोध केला, तरी छप्पर शिशाचंच झालं. लाकडाच्या निर्णयामागे मला बांधकामाचं कारण दिसतं. शिशाच्या निर्णयामागे हुबेहूबपणाचा आग्रह जास्त दिसतो.

या वेळी छपराखाली आगीची सोय मात्र आहे. तेव्हा इशारा संध्याकाळी 6.20 च्या सुमारास वाजला, पण पहारेकऱ्याला चुकीच्या माळ्यावर पाठवलं गेलं आणि जवळजवळ अर्धा तास हातचा गेला. वर आग अडवायला एकही भिंत नव्हती. आता आडव्या दालनाच्या दोन्ही अंगांना आग रोखणारे पडदे आहेत, बारीक तुषार सोडणारी यंत्रणा आहे, उष्णता टिपणारे कॅमेरे आहेत. आगीचं नेमकं कारण आजही निश्चित झालेलं नाही. विजेचा दोष किंवा सिगारेट अशा शक्यता तपासल्या गेल्या, घातपाताचा पुरावा सापडला नाही. कारण सापडलं नाही तरी अर्धा तास वाचवण्याची तजवीज करता येते, आणि ती केली आहे.

पैशाची अडचण नव्हती हेही सांगायला हवं. सुमारे 150 देशांतल्या 3,40,000 दात्यांनी 84.6 कोटी युरो दिले. एवढा निधी आणि सुमारे 2,000 माणसांचे हात एका वास्तूला मिळणं दुर्मिळ आहे, आणि ‘त्यांनी केलं, मग आपण का नाही’ असं विचारताना हे लक्षात ठेवावं.

जुनं की नवीन? जळालेला मनोरासुद्धा तेराव्या शतकातला नव्हता. व्हियोले-ल-द्यूक यांनी तो आपल्या कल्पनेने घडवला होता, आणि त्याच्या आधीचा मूळ मनोरा अठराव्या शतकात मोडकळीला येऊन उतरवला होता. भिंती, बुरुज, बहुतेक छत, खिडक्या जुन्याच आहेत. छप्पर नवं आहे, पण जुन्या मापाचं आणि जुन्या हातोटीचं. मी त्याला जुनं नोत्र दाम म्हणतो.

हाच प्रश्न मला पुण्यात शनिवारवाड्याबद्दल दर वर्षी विचारला जातो. 1828 च्या फेब्रुवारीत तो पेटला आणि कित्येक दिवस जळत राहिला. आतल्या लाकडी इमारती गेल्या, तट, दरवाजे आणि जोती उरली. पुन्हा बांधा म्हणणाऱ्यांना मी विचारतो, कोणत्या मापाने? वर्णनं आहेत, जोत्यांवरून खोल्यांची मांडणी कळते. पण एकेका खांबाची, तुळईची, सांध्याची नोंद कुणी केली नव्हती. आज काही उभारलं तर ते आजच्या कुणाच्या तरी कल्पनेतलं असेल. तिथली जोती आहेत तशी राखावीत, हेच मला योग्य वाटतं.

राहिला ओल्या लाकडाचा प्रश्न. होय, तुळया ओल्याच चढवल्या, मध्ययुगातही तसंच करत. ओला ओक कुऱ्हाडीला सोपा जातो. वाळल्यावर तो लोखंडासारखा होतो. सांधे एका तुळईच्या खाचेत दुसरीचं तासलेलं टोक, म्हणजे कूस, बसवून, आरपार लाकडी खुंट्या ठोकून केलेले आहेत. लाकूड वाळताना आक्रसेल, थोडं पिळेलही, आणि खुंटी त्या पिळाबरोबर सांधा घट्ट धरून ठेवेल. तुळयांना लांब उभ्या भेगा पडतील. झाडाचा गाभा तुळईच्या मधोमध ठेवलेला असल्याने त्या भेगा बाहेरून आत गाभ्यापर्यंत जाऊन थांबतात, आणि तंतूंच्याच दिशेने जात असल्याने ताकदीला फारसा धक्का लावत नाहीत. एवढ्या जाडीचा ओक पुरता वाळायला अनेक वर्षं लागतात. तोवर छपराखालचं ते नवं जंगल अधूनमधून करकरणार, आणि देखभाल करणाऱ्याने दर ऋतूत वर चढून खुंट्या तपासायच्या.